मेथी आली का?

आमच्या ह्यांना कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नाही. नाकराव म्हणतात. मालक म्हणतात, गेटवरचा वॉचमन म्हणतो, आणि पॅकिंगच्या बायका तर पाठीमागे नुसतं नाकच म्हणायच्या. "आज नाक बिनसलंय गं, जपून." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर खोचून भांडायलाच निघाले होते. हे हसले. म्हणाले, "अगं, भांडतेस काय? त्याचाच तर पगार मिळतो."

ते खरंच होतं. लोणच्या-मसाल्यांचा छोटासा कारखाना, वीस-बावीस माणसं, आणि त्यात हे भट्टीवर. मेथी, मोहरी, धने, सुक्या मिरच्या, जे जे म्हणून भाजायचं ते ह्यांच्या देखरेखीखाली. देखरेख हा शब्द चुकलाच, कारण हे बघायचेच नाहीत. कढईकडे पाठ करून उभे राहायचे. ढवळायला दुसरा माणूस, आणि हे हात मागे बांधून भिंतीकडे तोंड करून. ह्यांचं म्हणणं असं, की रंग बघत बसलात तर गेलात. रंग बदललेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून नाकावर काम. मेथीचा कच्चा वास जाऊन खरपूस वास सुटतो तो क्षण आला, की हे म्हणायचे, "आली. उतरवा." त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. नवीन माणसं तोंड दाबून हसायची. महिन्याभरात हसणं बंद व्हायचं.

एकतीस वर्षं हे असं चाललं. आणि घरात? घरात तर काय, राज्यच ह्यांचं. दारात चपला काढता काढता सांगायचे, "दुपारी दूध उतू गेलं वाटतं. आणि तुझी बहीण येऊन गेली." मी कपाळाला हात लावायची. बहीण तीन वाजता गेलेली, दूध मी घासूनपुसून स्वच्छ केलेलं. "बाई बाई, नवरा आहे की पोलिसांचं कुत्रं!" असं मी तोंडावर म्हणायची आणि ह्यांना ते आवडायचं. पण एक झालं. वासाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द ह्यांचा. मला वाटलं वरण आंबलंय आणि हे म्हणाले नाही, तर नाही. आणि खरोखरच नसायचं हो! एकदा तरी चुकावं की नाही माणसाने? एकदाही चुकले नाहीत. शेवटी मी नाद सोडला. माझं नाक आपलं चष्मा ठेवायला.

गेल्या वर्षी ह्यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणात. ताप उतरला त्या दिवशी मी आलं घालून चहा केला, चांगलं बोटभर आलं ठेचून घातलं. एक घोट घेऊन हे म्हणाले, "आलं संपलंय का?" मला वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांनी कप नाकाशी धरला, खाली ठेवला, परत धरला. उठून स्वयंपाकघरात गेले आणि हिंगाचा डबा उघडून त्यात जवळजवळ तोंडच घातलं. परत आले तेव्हा नाकाच्या शेंड्याला हिंग लागलेलं होतं आणि चेहरा पांढराफटक. मी हिंग पुसलं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. चांगला माणूस, समजावून सांगणारा. म्हणाला, तापात असं होतं; कुणाचं परत येतं, कुणाचं नाही येत; सहा महिने वाट पाहू. जिभेला म्हणे फक्त गोड, आंबट, खारट, कडू एवढंच कळतं, बाकी सगळी चव नाकाची असते. हे शांतपणे ऐकत होते. बाहेर आल्यावर जिन्यात थांबले आणि म्हणाले, "बाकी सगळं म्हणजे माझं सगळंच की गं."

घरी मग रोज कारलं सुरू झालं. एरवी कारल्याकडे ढुंकून न बघणारा माणूस सकाळ-संध्याकाळ कारलं मागायला लागला. तळलेलं, उकडलेलं, काहीही चालेल. का तर म्हणे, "तेवढं तरी कळतं." बाकीचं जेवण म्हणजे पुठ्ठा चावल्यासारखं लागतं म्हणायचे. आणि मला सारखे विचारायचे. शर्टाला घामाचा वास येतोय का? भात लागला नाही ना? फडकं कुबट झालंय का? ज्या माणसाने एकतीस वर्षं मला सांगितलं तो आता मला विचारत होता, आणि मी बावळटासारखी खूश व्हायची. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

कारखान्यात मात्र ह्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी जीव तोडून सांगितलं, "मालकांना सांगून टाका. तीस वर्षं काम केलेला माणूस आहे, समजून घेतील." तर माझ्यावरच उखडले. "काय सांगू? नाकरावाला नाक नाही म्हणून सांगू? भट्टी गेली तर मी कोण आहे तिथे?" रोज तसेच भट्टीवर जायचे, तसेच पाठ करून उभे राहायचे, आणि मनातल्या मनात आकडे मोजून "उतरवा" म्हणायचे. आकड्यांवर कधी मेथी भाजली जाते का? एकदा मोहरी कच्ची राहिली. एकदा धने करपले. पॅकिंगच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

मालक माणूस सरळ. हेच तर वाईट झालं, वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी ह्यांना केबिनमध्ये बसवलं, पंखा लावला आणि सांगितलं, "नाकराव, एका मोठ्या दुकानाला कारल्याचा तक्कू हवाय, दक्षिणेकडच्या पद्धतीचा, झणझणीत. तो आपल्याकडे फक्त तुम्हाला येतो. दोन किलो कारल्यांचा घरी करा, निवांत, आणि सोमवारी आणा. जमला तर तुम्ही निवृत्त होईपर्यंत भट्टी तुमची, मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमला तर मी भाजायचं मशीन घेतोय. तुम्हाला मग दुसरीकडे कुठेतरी बसवू."

तक्कू ह्यांना खरंच येत होता. कारखान्यात फार वर्षांपूर्वी दक्षिणेकडची एक बाई कामाला होती, सगळे तिला अक्का म्हणायचे. तिने शिकवलेला. आपल्या लोणच्यासारखा कच्चा नाही, तेलात परतून शिजवलेला. कडू, आंबट, गोड, तिखट, सगळं एकाच घासात, आणि त्यावर मेथीचा खमंगपणा. सगळी गंमत त्या मेथीत. तेवढी चमचाभर मेथी चुकली की सगळी कारली वाया, असं अक्का म्हणायची म्हणे.

रविवारी सकाळी सातलाच आम्ही सुरुवात केली. ह्यांनी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला, जसं काही कुणी बघायलाच येणार होतं. कारली मी आणली होती, कोवळी, हिरवीगार. मी चिरायची आणि ह्यांनी बिया काढायच्या. "कडूपणा काढायला मीठ लावून पिळून घेऊ का?" मी विचारलं. "पिळू नकोस. कडूपणा काढला तर मग कारलं कशाला, भोपळाच घे की." मी म्हटलं, भोपळा तर घरात आहेच एक, एकतीस वर्षांचा जुना, ढेरीसकट. खूप दिवसांनी हे मोठ्याने हसले. लेकीच्या लग्नानंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघं एवढा वेळ कधी उभेच राहिलो नव्हतो.

हळद लावून चकत्या तिळाच्या तेलात टाकल्या. कारल्याला चांगला तास लागतो, घाई करून चालत नाही. कडा तपकिरी झाल्या, चकत्या आक्रसल्या. हे बघत होते, कारण कारल्याचं बघून चालतं म्हणाले. चिंच भिजवून तिचा घट्ट कोळ काढला. गूळ चिरला. लाल तिखट मोजून ठेवलं, चांगलं वाटीभर, बघूनच मला ठसका लागला. मग लोखंडी छोटी कढई ठेवली आणि मेथीचा डबा उघडला.

तिथे ह्यांचा चेहरा बदलला. मेथी टाकली, झारा माझ्या हातात दिला, आणि हे वळले. कढईकडे पाठ करून, हात मागे बांधून, फ्रिजकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, आज तरी बघा की." म्हणाले, "बघून भाजली तर ती माझी मेथी नाही. तू ढवळ. आणि सांग."

मी ढवळत राहिले. दाणे तडतडायला लागले. कच्चा वास होता, गवतासारखा. मग हळूहळू तो गेला. आणि एकदम खमंग वास सुटला, काय सांगू तुम्हाला, पोटातून भूक उठावी असा. मला कळलं. शपथेवर सांगते, त्या क्षणाला मला कळलं की हीच ती वेळ. मी म्हटलं, "आली वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे... आली बहुतेक."

हे तसेच उभे. पाठ ताठ. मी बघत होते, खांदे वर उचलून त्यांनी मोठा श्वास घेतला. एक, दोन, तीन. मग म्हणाले, "नाही. अजून नाही आली. थोडी राहू दे."

आणि मी राहू दिली! आता सांगतानाही माझा जीव जळतो. ज्या माणसाला चार महिने हिंगाचा वास येत नाही त्याने सांगितलं अजून नाही, आणि मला वाटलं, बरोबर, हे म्हणतायत म्हणजे नसेल आली. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की अहो, ह्यांना कुठलं कळणार! एकतीस वर्षांची सवय. हे म्हणाले नाही, म्हणजे नाही. मी ढवळत राहिले. वास बदलला. खमंगातून उग्र झाला, मग घशात लागायला लागला. "आता?" ह्यांनी विचारलं. मी घाईघाईने गॅस बंद केला आणि म्हटलं, "हो, आता."

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

शेजारीण खिडकीतून ओरडली, "काय करपलं हो?" मी ओरडून सांगितलं, "काही नाही, मेथी भाजतोय!" हे वळले आणि माझ्याकडे बघितलं. मी मिक्सर लावला. गर्र आवाजात बोलणं राहून गेलं.

मग पुढचं सगळं झालं. तेलात मोहरी, कढीपत्ता, हिंग, त्यावर चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, मीठ, परतलेली कारली, आणि शेवटी मेथीची पूड. तेल सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवला. गार झाल्यावर ह्यांनी बोटाने चाटून पाहिला आणि डोळे मिटले. "कळतंय गं!" ओरडलेच. "कडू आलं. आंबट आलं. मागून गोड आलं. आणि परत कडू! अगं, कळतंय मला सगळं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, तिखटाने आलंय. ते म्हणाले, नाही, तिखटाने नाही.

दुपारी हे जरा आडवे झाले. चार महिन्यांत पहिल्यांदा ह्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकला मी. तेव्हा चमचाभर तक्कू भाताच्या घासाला लावून खाल्ला. कडू. आता कारलं कडूच असणार, नाही का? असं मी स्वतःला समजावलं. पण ते कारल्याचं कडू नव्हतं. जळकं, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारं. पाणी प्यायले तरी जाईना. घरात कारली अर्धा किलो शिल्लक होती, मेथी डबाभर होती, आणि अख्खी संध्याकाळ पुढे होती. उठवून सांगायचं होतं, बस्स, एवढंच. "अहो, करपलीये, परत करू." मी दारापर्यंत गेले. उशीवर गाल ठेवून हे लहान मुलासारखे झोपले होते. मी परत आले आणि भांडी घासायला घेतली. मनाशी म्हटलं, मला काय कळतंय. मालकांना आवडेलही.

सोमवारी मी पण गेले. एक बरणी त्यांच्या हातात, एक माझ्या. पॅकिंगच्या टेबलापाशीच मालक आले. स्टीलची बशी मागवली, पावाचा तुकडा मागवला. बायका काम थांबवून उभ्या राहिल्या. मालकांनी तक्कू पावाला लावला, खाल्ला, सावकाश चावला. मग बरणीचं झाकण उचलून वास घेतला. मग झाकण परत लावलं, घट्ट, जरुरीपेक्षा जास्त घट्ट.

"वहिनी," ते माझ्याकडे वळले, "तुम्ही चाखलात घरी?"

"हो."

"कसा वाटला?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. ह्यांनीही बघितलं, आणि किती विश्वासाने बघितलं म्हणून सांगू. मी म्हटलं, "मला चांगला लागला."

मालक हळू आवाजात म्हणाले, "नाकराव, मेथी जळलीये."

"शक्यच नाही," हे म्हणाले. ताडकन. "मी हिला विचारलं होतं! ही म्हणाली बरोबर आहे."

झालं. वरचा पंखा तेवढा फिरत होता. नाकरावांनी मेथीचं दुसऱ्या कुणाला विचारलं, एवढंच पुरलं त्या माणसांना. टेबलाच्या टोकाला बसणारी म्हातारी पॅकिंगवाली, जी ह्यांना पाठीमागे सगळ्यात जास्त नावं ठेवायची, तिने पदर तोंडाला लावला. मालकांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "केव्हापासून?" त्यांनी विचारलं. आपण काय बोलून गेलो ते ह्यांना तेव्हा कळलं असावं, कारण ह्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

घरी येताना आम्ही चालत आलो. बरण्या परत आमच्याकडेच. अर्ध्या वाटेवर ह्यांनी विचारलं, "तुला वास आला होता?"

"आला होता."

"आली होती तेव्हाचा की जळली तेव्हाचा?"

"दोन्ही."

मला वाटलं आता ओरडतील. रस्त्यात ओरडले असते तरी मला चाललं असतं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात अजून नाही, म्हणून मी..." मला रडू आलं, तिथेच, भाजीच्या गाडीपाशी. म्हटलं, "माझी चूक झाली हो. मी तुमची भट्टी घालवली." हे उभे राहिले, माझ्या हातातली बरणी घेतली, आणि म्हणाले, "चल." राग नव्हता आवाजात. राग असता तर निदान मला समजूत तरी काढता आली असती.

मशीन पंधरा दिवसांत आलं. ह्यांना बरण्यांना झाकणं लावायला बसवलंय, मागच्या बाजूला, खिडकीपाशी. मालकांनी खुर्चीला उशी दिलीय. सहा महिने कधीच होऊन गेले. डॉक्टर म्हणाला, आता आशा धरू नका. घरी आता हे मला शर्टाचं विचारत नाहीत, भाताचं विचारत नाहीत. समोर ठेवलं ते जेवतात. कारलंही मागत नाहीत. मी एकदा केलं, तर ताटात तसंच राहिलं.

गेल्या आठवड्यात हे डबा विसरले म्हणून मी कारखान्यात गेले. आत शिरतानाच कळलं, मशीनवर मोहरी लागली होती. धूर नव्हता अजून, नुसता वास, पण चांगला खोल लागलेला. मशीनवरचा माणूस बाहेर फोनवर बोलत होता. आणि त्या मशीनपासून दहा पावलांवर आमचे हे, पाठ करून, एकेक झाकण ठेवून हाताने दाबत होते.

मी जाऊन समोर उभी राहिले. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि हात थांबवला.

"काय करपलं?"

"मोहरी."

"फार?"

"फार."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं झाकण उचललं. मी म्हटलं, "अहो, सांगा ना कुणालातरी." ते म्हणाले, "तू सांग. तुला येतोय ना वास." मी वळले आणि मोठ्याने ओरडले, "अहो, मोहरी जळतेय!" माणूस धावत आला, मशीन बंद झालं, दोन बायका खिडक्या उघडायला उठल्या. हे झाकणं लावत होते. मी डबा त्यांच्या शेजारी ठेवला आणि घरी आले.